पिवळ्या बाटलीची दुपार

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. आधी त्याचा आवाज पोचायचा आणि मागून ती, म्हणून ती किल्लीताई. विभागाचं भांडार तिच्या ताब्यात होतं. किल्लीताईकडून काचेची साधी नळी मिळवायची तर नाकदुऱ्या काढाव्या लागतात, असं विद्यार्थी म्हणायचे. हे तिच्या कानावर गेलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "भांडार आहे हे, बाजार नाही," एवढंच ती म्हणायची.

तिनंही एकेकाळी विज्ञानाची पदवी घ्यायला सुरुवात केली होती. शेवटचं वर्ष राहिलं. लग्न, मग मुलगी, मग औषधाच्या दुकानातली नोकरी, असं करत करत ती या भांडारात मदतनीस म्हणून आली आणि हळूहळू तिथली मुख्य झाली. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, मुलगी कॉलेजात, आणि घरी सासरे. सासऱ्यांचा स्वभाव असा, की तुटका पंखा, वाकडा खिळा, झाकण हरवलेला डबा, काहीच टाकू द्यायचे नाहीत. "लागेल कधीतरी," म्हणायचे. घरी त्यांच्या त्या पसाऱ्यावरून ती वैतागायची आणि कामावर आली की दुसऱ्यांचा तसलाच पसारा कुलपात ठेवून राखण करत बसायची. यातली गंमत तिला तोवर कधी दिसली नव्हती. ती दाखवली एका पोरीनं.

ही पोरगी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. गळके नळ, रिकाम्या वर्गांतले चालू दिवे, मेसमध्ये ताटात उरणारं अन्न, कशावरही तिची नजर पडली की ती ज्याचं ते काम त्या माणसाच्या मानगुटीवरच बसायची. तिनं काही विद्यार्थी जमवले, शिवाय ग्रंथालयातला कारकून, बागेचा माळी आणि विद्यापीठाचा वायरमन यांनाही ओढलं. या मंडळींनी मिळून मेसमागे उरल्यासुरल्याचं खत करायला घेतलं, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाक्या वाहायच्या थांबवल्या. वायरमननंच तिला नाव ठेवलं, हिरवळ. पुढे सगळे तेच म्हणायला लागले आणि तीही त्या नावाला ओ द्यायला लागली.

एके दिवशी हिरवळ भांडाराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"ताई, एक विचारू? आपल्या विभागात एकच रसायन किती लॅबमध्ये ठेवलेलं आहे?"

"सगळ्यांत. का गं?"

"आणि ते संपतं का कधी?"

किल्लीताईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ते संपत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? प्रत्येक लॅब नवी बाटली मागवायची, थोडं वापरायची, उरलेलं फळीवर पडून राहायचं. मुदत संपली की विषारी कचऱ्याची गाडी यायची आणि सगळं जाळायला न्यायची. मग पुन्हा नवी बाटली.

"आम्ही एक मोहीम काढतोय," हिरवळ म्हणाली. "आधी शोधा, मग मागवा. सगळी कपाटं उघडायची, चांगलं आहे ते एका जागी आणायचं, ज्याला लागेल त्यानं तिथून न्यायचं. खराब झालेलं रीतसर घालवायचं. निम्मा कचरा तयारच होणार नाही, ताई."

"कपाटं कोण उघडणार?"

"आम्ही."

"आणि काही सांडलं, फुटलं, कुणाच्या डोळ्यात गेलं, तर?"

हिरवळ खिडकीची चौकट नखानं खरवडायला लागली.

"तेव्हा सगळे कानावर हात ठेवतील आणि माझ्या गळ्याशी येईल. जा बाळा. नळ बंद कर, दिवे घालव. इथे तुझं काही काम नाही."

पण ती जाणारी नव्हती. ती विभागप्रमुखांकडे गेली. प्रमुखांना कल्पना फारच आवडली. कुलगुरूंच्या कार्यालयातून अशा कामांची विचारणा होत असे, आणि तिथे आपल्या विभागाचं नाव दिसावं अशी त्यांना मनापासून इच्छा होती. त्यांनी किल्लीताईला बोलावून घेतलं.

"कर्मचाऱ्यांच्या बाजूनं तुम्हीच हे बघायचं."

"मी, सर? मी तर नको म्हणते आहे."

"म्हणूनच. तुम्ही असलात की मला झोप लागेल."

तिची झोप उडाली, त्याचं काय, हे तिनं ओठांवर आणलं नाही. तीन अटी मात्र घातल्या. कपाट ती स्वतः उघडणार. हातमोजे, गॉगल, ॲप्रन यांच्याशिवाय आत पाऊल नाही. आणि जुनी, लेबल पुसट झालेली बाटली दिसली, तर तिला विद्यार्थ्यानं बोटही लावायचं नाही. त्यानं ताईला हाक मारायची.

काम सुरू झालं. सुरुवातीला किल्लीताईचा चेहरा असा असायचा, की मुलं तिच्यासमोर श्वासही जपून घ्यायची. मग एका लॅबच्या कपाटात, कवटीचं चित्र आणि 'अत्यंत विषारी' असं लेबल असलेली मोठी बरणी निघाली. तिनं सगळ्यांना मागे सारलं आणि चौकशी केली. दाराशी उभा असलेला लॅबमधला शिपाई खाली मान घालून म्हणाला, "ताई, साखर आहे. चहाची. बाहेर ठेवली की लोक संपवतात." किल्लीताई त्याला असं काही बोलली, की बिचारा दोन दिवस तिच्या वाटेला फिरकला नाही. पण तो गेल्यावर ती खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि मुलांनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. हिरवळ भांडारातच डबा खायला लागली. एका लॅबनं मागवायला घेतलेलं रसायन दुसऱ्या लॅबच्या फळीवर न उघडलेलं सापडलं, की किल्लीताई स्वतः फोन करून सांगायची, "मागवू नका हो. वरच्या मजल्यावर पडलंय, न्या." तिच्या आवाजात चक्क ऐट यायला लागली होती. घरीही तिनं सासऱ्यांना म्हणून पाहिलं, "बाबा, तुमच्या डब्यांमधलं शेजाऱ्यांना काही हवंय का विचारू या?" सासरे म्हणाले, "विचार. पण द्यायचं की नाही ते मी ठरवीन."

सगळ्या लॅब झाल्या. उरलं ते मागच्या खोलीतलं एक लाकडी कपाट.

ते मोठ्या सरांचं होतं. मोठे सर कधीच निवृत्त झाले होते, पण अजूनही रोज येत. जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसत, वाचत, दुपारी घरी जात. बायको वारलेली, मुलगा दूर. त्या कपाटाची किल्ली किल्लीताईच्या जुडग्यात नव्हती. ती सरांच्या खिशात असायची. मागितली की म्हणायचे, "बघू. त्यातलं सगळं कामाचं आहे." तिला वाटायचं, थेट आपले सासरे बोलताहेत.

शेवटी हिरवळनंच त्यांना वळवलं. ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, "सर, कामाचं आहे म्हणूनच मागतेय. नवीन मुलांना वापरू द्या ना." म्हातारा माणूस हातातलं पुस्तक मिटून उठला. मग खिशात हात घालून म्हणाला, "मी समोर असेन. माझ्यासमोर उघडा."

दुपारची वेळ होती. शेजारच्या मोठ्या लॅबमध्ये पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. भिंतीपलीकडून काचेचा किणकिणाट आणि परीक्षकांच्या चपला ऐकू येत होत्या. मागची खोली अरुंद, एकच खिडकी, मध्ये एक जुनं टेबल. सरांनी किल्ली फिरवली. दार कुरकुरलं. आत बाटल्यांच्या रांगा, धूळ आणि जुन्या बुचांचा वास.

खालच्या फळ्या भिंतीकडच्या खोक्यांत रिकाम्या करेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात किल्लीताईचा फोन वाजला. प्रमुखांचा होता. परीक्षेला कसलंसं द्रावण कमी पडलं होतं, ते कुठे आहे एवढंच विचारत होते. ती दाराशी वळून बोलायला लागली. तिची पाठ कपाटाकडे होती, तेवढ्या वेळात हिरवळ स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरची एक बाटली दोन्ही हातांनी उचलली.

फळी एका बाजूनं खिळ्यावरून निसटली आणि तिरकी झाली. त्या आवाजानं किल्लीताई वळली.

"ताई," हिरवळ म्हणाली, "याचं लेबल वाचता येत नाहीये. आत पिवळं आहे. अगदी कोरडं. झाकणाभोवतीही खडे जमलेत."

मोठे सर खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हलू नकोस," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांचा वाटेना. "पोरी, अजिबात हलू नकोस. पिक्रिक ॲसिड आहे ते."

हे नाव किल्लीताईला माहीत होतं. सुरक्षेच्या प्रशिक्षणात तिला एक चित्र दाखवलं होतं, स्फोटानं खिडक्या-दारं उडून गेलेल्या एका खोलीचं. हे रसायन बाटलीत पाण्यात भिजलेलं असतं, तोवर गरीब गायीसारखं असतं. वर्षानुवर्षं पडून पाणी उडून गेलं, की तेच स्फोटक होतं. धक्का, घर्षण, झाकणाला दिलेला एक पीळ, एवढं पुरतं. धातूला लागलं की ते आणखीच बिथरतं, आणि या बाटलीचं झाकण पत्र्याचं होतं, गंजून लाल झालेलं.

हिरवळलाही नाव माहीत होतं. तिनं पुस्तकात वाचलं होतं. तिच्या गॉगलमागचे डोळे मोठे झाले.

"ताई, मी ही ठेवते परत."

"नको! फळी सुटलीये. ठेवलीस तर घसरेल."

"मग मी उतरते."

"उतरू पण नकोस. ते स्टूल डुगडुगतं." किल्लीताईनं फोन बंद करून खिडकीत ठेवला. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. "तू फक्त उभी राहा. हात अंगाशी घे. हळू. अस्सं. आता मी सांगेपर्यंत काही करायचं नाही."

बाटली आपण हातात घ्यावी, असं तिला क्षणभर वाटलं. पण एका हातातून दुसऱ्या हातात देणं म्हणजे आणखी एक हालचाल, आणखी एक चूक. त्यापेक्षा टेबल पोरीजवळ न्यावं. टेबल ओढलं असतं तर फरशीवर घासून हादरे बसले असते, म्हणजे ते उचलायलाच हवं. तिनं एक बाजू धरली आणि मान वर करून पाहिलं. खोलीत तिसरं माणूस एकच होतं.

"सर, तुम्ही बाहेर व्हा. मी कुणालातरी बोलावते."

 मोठ्या सरांनी अंगातला कोट काढून टेबलावर पसरला, घडी घालून जाड गादी केली आणि टेबलाची दुसरी बाजू धरली. त्यांचे हात एरवी कप धरतानाही थरथरायचे. टेबल उचललं तेव्हा ते थरथरत होतेच, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पाऊल पाऊल सरकत ते टेबल स्टुलाला जवळजवळ चिकटवलं. खाली टेकवताना दोघांनीही श्वास रोखला होता.

भिंतीपलीकडे कुणाच्या तरी हातून काहीतरी पडून फुटलं. तिघंही दचकली. बाटली हलली नाही.

"ताई," हिरवळचा आवाज कापत होता, "मला दिसत नाहीये. गॉगलवर वाफ धरलीये."

"बघायचं नाहीये तुला. मी बघतेय ना." किल्लीताई स्टुलामागे गेली आणि तिनं दोन्ही हातांनी पोरीची कंबर धरली.  "आता गुडघे वाकव. पाठ सरळ. जड आहेस तेवढी टाक माझ्यावर, मी काही मोडत नाही."

हिरवळच्या तोंडून हुंदका आणि हसणं यांच्या मधलं काहीतरी निघालं.

"हसू पण नको गं आत्ता. वाकव. आणखी. आणखी थोडं. थांब. सर, किती राहिलं?"

"वीतभर," सर म्हणाले. ते टेबलापाशी वाकून डोळे टेबलाच्या रेषेत आणून पाहत होते. बाटलीपासून त्यांचा चेहरा हातभर अंतरावर होता. "आता बोटभर. सरळ खाली. कापड आहे खाली, मऊ आहे. टेकलं. टेकलं, पोरी. आता बोटं सोड. एकदम नको. एकेक."

हिरवळची बोटं सुटेनात. इतका वेळ घट्ट धरून ती आखडली होती. किल्लीताईनं कमरेवरचा हात न काढता तिच्या कानाशी तोंड नेलं. "करंगळी सोड आधी. फक्त करंगळी. मग दुसरं कोणतं सोडायचं ते बघू."

करंगळी सुटली. मग बाकीची. बाटली कोटावर एकटी उभी राहिली.

किल्लीताईनं पोरीला अक्षरशः उचलून खाली घेतलं. तिघंही पाय न वाजवता दाराबाहेर आली. तिनं दार लोटून घेतलं, जुडग्यातली किल्ली शोधून हळूच कुलूप लावलं. भिंतीला टेकून ती खाली बसली. पण बसायला वेळ नव्हता. शेजारची लॅब भरलेली होती.

ती तशीच उठली आणि प्रमुखांच्या खोलीत न विचारता शिरली. तिनं झालेलं सांगितलं आणि इमारत रिकामी करा म्हणाली.

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "परीक्षा संपायला थोडाच वेळ आहे. बाहेरचे परीक्षक आलेत. बाटली आता टेबलावर आहे ना? नीट आहे ना? मग शिपायाला सांगून मागच्या अंगणात ठेवून देऊ सावकाश. उगाच बोभाटा कशाला?"

"तिला कुणी हात लावणार नाही, सर."

"ताई, घाबरलात तुम्ही. साहजिक आहे. किल्ली द्या इकडे."

तिनं जुडगा मुठीत धरला. इतक्या वर्षांत तिनं या माणसाला नाही म्हटलं नव्हतं. पण मूठ उघडेना.

"किल्ली देणार नाही. ज्याला पाठवाल त्यालाही घरी बायकामुलं आहेत. तुम्ही घंटा वाजवता, की मी जाऊन लॅबमध्ये ओरडू?"

प्रमुखांच्या कपाळावर आठी चढली. ते काही बोलणार, तेवढ्यात दारात मोठे सर येऊन उभे राहिले. अंगात कोट नाही, शर्टाची बाही धुळीनं माखलेली. प्रमुख त्यांचे विद्यार्थी होते.

"बाटली माझी आहे," मोठे सर म्हणाले. "मी आणली, मी ठेवली, मी विसरलो. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिही. पण आधी पोरांना बाहेर काढ."

प्रमुखांनी खुर्ची मागे सारली. मग उठून त्यांनी स्वतः घंटेचं बटण दाबलं.

परीक्षेची मुलं पांढऱ्या ॲप्रनमध्ये मैदानावर जमा झाली. कुणी रडत होतं, कुणी परीक्षा टळली म्हणून खूश होतं. वायरमननं इमारतीचा वीजपुरवठा तोडला. माळी गेटवर उभा राहून लोकांना मागे सारत होता. किल्लीताई एका झाडाखाली हिरवळला धरून बसली होती.  पोरगी दोन्ही हात समोर धरून, जणू बाटली अजून त्यांतच आहे, अशी बसली होती. किल्लीताईनं ते हात आपल्या मांडीवर घेतले आणि चोळत राहिली.

बॉम्बनाशक पथक आलं. जाडजूड पोशाख चढवलेला एक माणूस तिच्याकडून किल्ली घेऊन आत गेला.  मोठे सर एका दगडावर ताठ बसून दाराकडे पाहत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो बाहेर आला. हातात वाळूनं भरलेली पेटी होती, आणि ती घेऊन तो इतका सावकाश चालत होता, की बघणाऱ्याचेच पाय दुखावेत. मैदानाच्या पार टोकाला त्यांनी खड्डा केला होता. बाटली त्यात ठेवून स्फोट करायचा, म्हणून सगळ्यांना मागे हटवलं. ऊन उतरायला आलं होतं.

आवाज झाला तेव्हा जमीन पायाखालून हलल्यासारखी वाटली. मातीचा लोट उठला, झाडांवरचे पक्षी उडाले, इमारतीच्या काचा खणखणल्या. परीक्षा टळली म्हणून मघाशी हसणारी पोरं एकमेकांना बिलगली. हिरवळनं तोंड किल्लीताईच्या खांद्यात खुपसलं आणि मग ती रडली, लहान मुलासारखी, मोठ्यानं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर किल्लीताईला हातात पेला धरवेना. नवऱ्यानं विचारलं, तिनं सांगितलं. तो आयुष्यभर लिफ्टच्या खोल पोकळीत लटकून काम केलेला माणूस. तो फक्त म्हणाला, "हात उद्यापर्यंत थरथरतील. परवा थांबतील. मलाही तसंच होतं." हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. सासरे कोपऱ्यात ऐकत बसले होते. ते उठून आपल्या खोलीत गेले आणि बराच वेळ डबे सरकवल्याचा आवाज येत राहिला.

चौकशी बसली. मोठ्या सरांनी सगळं स्वतःवर घेतलं आणि जिन्याखालची खोली सोडली. बैठकीत एकेकजण बोलू लागला. विद्यार्थ्यांना कुणी सांगितले होते नसते उद्योग? कपाटं होती तशी राहिली असती, तर काही झालं नसतं. मोहीम बंद करावी, सगळं कुलूपबंद ठेवावं. प्रमुख मान डोलावत होते. किल्लीताई शेवटच्या खुर्चीवर बसली होती. पहिल्या दिवशी तीही हेच बोलली होती, शब्द तेवढे वेगळे. म्हणूनच कदाचित तिला ते आता ऐकवेना.

ती उभी राहिली. "ती बाटली मोहिमेनं आणली नव्हती," ती म्हणाली. "ती तिथेच होती. भिंतीपलीकडे दर वर्षी परीक्षा होत होती. एखाद्या उन्हाळ्यात ती फळी आपोआप निसटली असती, तर आपण कुणाला दोष देणार होतो? माझं चुकलं ते एवढंच, की मी पाठ फिरवली. आणि विद्यार्थ्यांना जुन्या कपाटाजवळ जाऊ दिलं, तेही चुकलं. ते बदला. पण कपाटं बंद करू नका. बंद होती म्हणूनच हे झालं."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक प्राध्यापक तिच्याकडे रागानं बघत राहिले. पण परीक्षेच्या दिवशीच्या परीक्षकांनी सगळी जुनी कपाटं तपासून घ्या असं पत्र पाठवलं होतं आणि विमा कंपनीचंही म्हणणं तिच्यासारखंच पडलं. शेवटी ठरलं, की जुनी कपाटं बाहेरची प्रशिक्षित माणसं येऊन तपासतील, किल्लीताई त्यांच्याबरोबर असेल, आणि विद्यार्थी फक्त चांगल्या मालाची देवाणघेवाण बघतील.

पण देवाणघेवाण बघायला हिरवळच येईना. तिच्या मैत्रिणींनी सांगितलं, खोलीतून बाहेर पडत नाही, घरी परत जायचं म्हणते. किल्लीताई वसतिगृहात गेली. पोरगी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"ताई, मीच हट्ट केला होता. तुम्ही नको म्हणत होता."

"हो, म्हणत होते."

"तुम्ही सांगितलं होतं, जुन्या बाटलीला हात लावू नका. तरी मी लावला."

"हो, लावलास." किल्लीताई तिच्याशेजारी बसली. हिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं नाही, हे ती वाटेतच ठरवून आली होती. "आणि मग मी सांगितलं तसं बोट न् बोट सोडलंस. तुझ्या जागी मी असते, तर माझ्या हातून ती पडली असती. हे मी घरी पण सांगितलंय."

हिरवळनं मान वर केली. "खरंच?"

"मला उंचीची भीती वाटते गं. मी स्टुलावर चढतच नाही. म्हणून तर वरच्या फळ्यांवरची धूळ कधी निघाली नाही."

पोरगी घरी परत गेली नाही. मात्र मागच्या खोलीकडे ती पुन्हा कधी फिरकली नाही, आणि किल्लीताईनंही तिला बोलावलं नाही. देवाणघेवाणीची फळी आता भांडाराच्या खिडकीबाहेर आहे. तिथे हिरवळ आणि पहिल्या वर्षाची मुलं आलटून पालटून बसतात. मोठे सर अधूनमधून किल्लीताईला फोन करतात. आपल्या वेळच्या आणखी कुठल्या खोलीत काय असू शकेल, ते आठवून सांगतात. कधी त्यांचं चुकतं, कधी बरोबर निघतं. तपासणीची माणसं आली, की किल्लीताई पुढे होऊन दार उघडते आणि कुणी काही उचलण्याआधी सगळ्यांना थांबायला लावते.

नवरा म्हणाला होता तसे तिचे हात थांबले. दचकणं मात्र अजून थांबलेलं नाही. कुठे दार आपटलं, भांडं पडलं, की छातीत धस्स होतं आणि पुढचा श्वास घ्यायला वेळ लागतो. घरातल्या कुणी तिला त्याबद्दल विचारलं नाही, पण मुलगी आता स्वयंपाकघरात भांडी ठेवताना आधी खाली फडकं पसरते.